नीलेशच्या गाडीची सीट

आज रविवार. सकाळी नीलेशची गाडी घेऊन पोलादपूरला सुभाष मिस्त्रींच्या गॅरेजात गेलो. दुपारी महाडला परत आलो.

नीलेश माझा धाकटा भाऊ. चार महिन्यांपूर्वी हृदयविकाराने गेला. जुनी गाडी दोन वर्षं खपून त्याने ट्रॅक डेसाठी, म्हणजे हौशी चालकांना शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी पळवू देतात त्या दिवसासाठी, तयार केली होती. पुढच्या रविवारी ती मी चालवणार आहे.

त्याने रेसिंगची सीट थेट तळाच्या पत्र्याला बोल्टने बसवली होती. ती मागेपुढे सरकत नाही. तो माझ्याहून वीतभर उंच, म्हणून मी पाठीमागे उशी घेऊन गेलो होतो.

मिस्त्री हसले. "सुनील, उशी घेऊन कोण ट्रॅकवर जातो रे? तपासणीवाले पयली तीच बाहेर टाकतील."

"पट्टा घट्ट बांधतो ना."

"तरी क्लच पुरा दबत नाय तुझा. सीट पुढं घ्यावीच लागंल." मग हळू आवाजात म्हणाले, "त्याला बसवून खडूनं मीच माप घेतलं होतं. मला काय बरं वाटतंय?"

मी "घ्या" म्हणालो आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. त्यांनी नवी भोकं पाडली, जुनी चार बुजवली. बसून पाहिलं तर पाय नीट पोचले, आणि त्याचंच वाईट वाटलं.

गेलेल्या माणसाची वस्तू तुम्ही कधी आपल्या मापाची करून घेतली आहे का? नंतर ती वापरवली का?

घरी आल्यावर गाडी अंगणात लावली. मागचा आरसा अजून त्याच्याच उंचीला होता. तो फिरवून घेतला.