फोरबुर्खच्या देवीची ओटी

या सदरात लिहिणारे सगळेच आधी सांगतात की आपला असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. माझ्याकडे तर साक्षीदार आहेत — मीरा आणि ओम, माझी नेदरलँड्समधली नातवंडं. जेवताना मी त्यांना बजावत असे, देवाशी सौदा करायचा नाही, नवस म्हणजे लाच. बाळांनो, हे तुमच्यासाठीच लिहिते आहे. आईकडून वाचून घ्या.

करोनाच्या पहिल्या वर्षी मी तुमच्याकडे फोरबुर्खला आले, विमानं बंद झाली आणि अडकले. आजोबा पुण्यात एकटे. श्रावणात त्यांना करोना झाला, हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजनवर ठेवलं. भेटायला कोणालाही परवानगी नव्हती. दिवसातून एकदा डॉक्टरांचा फोन यायचा, तेवढाच. एका सकाळी ते म्हणाले, आज-उद्या काय ते कळेल.

मी स्वयंपाकघरातले डबे पुन्हा पुसायला काढले, तेव्हा तुमची आई, जान्हवी, म्हणाली, "आई, बास. त्यांचे पत्रे झिजतील. म्युझियमचा स्लॉट बुक केलाय, जरा चालून ये. फोन माझ्याजवळ आहे."

फोरबुर्खला रोमन काळात मोठं गाव होतं, म्हणून तिथे ते लहानसं म्युझियम. जमिनीवर बाणांच्या पट्ट्या, दाराशी सॅनिटायझर, काउंटरवर काचेआड एक वयस्कर स्वयंसेविका. आत मी एकटीच. मागच्या खोलीत कमरेएवढा दगड उभा होता. त्यावर बसलेली देवी कोरलेली, मांडीवर सफरचंदांची टोपली, पायाशी तिच्याकडे मान वर करून बघणारं कुत्रं. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं — समुद्र ओलांडण्याआधी व्यापारी तिला शब्द द्यायचे, सुखरूप पोचलो तर तुझा दगड उभारीन. आणि खाली लॅटिनमध्ये कोरलेल्या ओळीचा अर्थ — बोललेलं आनंदाने फेडलं.

म्हणजे नवसच की.

मला काय झालं कोण जाणे... मी बूट काढले. मास्क खाली केला, कारण देवीशी तोंड झाकून कसं बोलायचं? हात जोडले आणि मराठीत म्हणाले, "यांना घरी आण. खणानारळाने तुझी ओटी भरीन." पर्समध्ये खोकल्यासाठी खडीसाखर होती. तिचा एक खडा त्या दगडी सफरचंदांवर ठेवला.

"मॅडम, तुम्ही बऱ्या आहात ना?"

दारात त्या काउंटरवरच्या बाई उभ्या होत्या. माझ्या मोज्यांकडे बघत होत्या. जन्मभर शाळेत मुलींना शिस्त लावलेली मी, कानापर्यंत तापले. खडा उचलायला हात पुढे केला, तर खडा नाही. दोघींनी वाकून जमीन शोधली. नाहीच.

"काळजी करू नका," त्या समजुतीने म्हणाल्या. "हा खरा दगड नाहीच. खरा मोठ्या म्युझियममध्ये आहे. ही प्लास्टरची कॉपी."

मी आयुष्यात केलेला एकमेव नवस, तोही कॉपीला! घरी अवाक्षर बोलले नाही.

आजोबांचा ताप उतरला, ते घरी आले. मग मी पिशवीत नारळ घालून म्युझियमच्या दारापर्यंत गेले. काचेतून त्या बाईंनी मला ओळखलं, हसून हात केला. मी पिशवी कोटाआड लपवली, हात केला आणि परत फिरले. त्या नारळाची चटणी केली. तुम्ही मिटक्या मारत खाल्लीत.

पुण्याला पोचल्यावर एका दुपारी चहा घेताना आजोबा म्हणाले, "त्या बाईंना कोणी पाठवलं होतं गं?"

"कुठल्या बाई?"

"हॉस्पिटलमधल्या. मास्क नाही, काही नाही. पायथ्याशी बसल्या होत्या, मांडीवर सफरचंदं घेऊन. जिभेवर खडीसाखर ठेवली. म्हटलं, मला डायबेटिस आहे. ऐकतात कुठे."

"अहो, तापात स्वप्न पडलं असेल."

"असेल. मग कुत्रं कशाला मागे ठेवलं?"

"कुत्रं?"

"त्या गेल्या, ते राहिलं. ते काय, बसलंय की." त्यांनी दाराजवळच्या पायपुसण्याकडे बोट केलं.

मला ते कधी दिसलं नाही. पण सकाळी मी ते पायपुसणं झटकून सरळ करते आणि दुपारी ते मधोमध दबलेलं, कोमट असतं. त्या दाराशी ऊन येत नाही. आजोबा वाटीत पाणी ठेवतात, तीही संपते. मी बाष्पीभवनापासून सगळं लावून पाहिलं. मला मात्र रोज दाराशी वसुलीला कोणी बसल्यासारखं वाटतं, आणि मान वर होत नाही.

आता गुडघ्यांमुळे माझ्याच्याने प्रवास होत नाही. खण पार्सलने पाठवला आहे. जान्हवी, वाचता वाचता थांबू नकोस — ओटी तू भरायचीस, मुलांना बरोबर ने. आणि काउंटरवरच्या बाईंपासून नारळ लपवू नका. सांगा, आमच्या आजीला बोललेलं फेडायचं आहे. त्यांना कळेल. त्यांच्या दगडावर तेच कोरलं आहे.