मी न घेतलेला सराव

तुमच्या मुलाकडून घरी रोज धडा कोण वाचून घेतं? आई? आजोबा? मग तुम्हाला घोकंपट्टीला हसणं परवडतं. मीही हसलो होतो.

धम्मदीक्षेनंतरच्या दुसऱ्या वर्षी मी अचलपूरजवळच्या एका शाळेत मास्तर होतो. डिप्टी साहेब तपासणीला आले. पहिलीतल्या शेवंतानं पुस्तक उघडून धडा घडाघडा म्हटला. साहेबांनी चित्र तळहातानं झाकलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"हे वाच."

शेवंता पुन्हा धड्याची पहिली ओळ म्हणू लागली. शब्द होता 'गरम'.

हेडमास्तर हसले. "साहेब, या लोकांना घोषणा येतात, अक्षर नाही येत. नाव काढून टाकतो. गोवऱ्या वेचू द्या."

वर्ग हसला. माझं भाषण ओठावरच राहिलं; शेवंता माझ्याकडे बघत होती.

संध्याकाळी तिची माय आली. सरकी काढायच्या जिनातून थेट, केसांत कापूस. "मास्तर, वर्षभर तुमी काय करून राहिले होते? पोरीले अक्षर काहून नाही येत?"

"बाई, घोकंपट्टी म्हणजे गुलामी..."

"गुलामी मले सांगता? पाटलाच्या पोराकडून त्याची माय रोज धडा म्हणून घेते. माह्या पोरीचा कोण घेईन? मले येते काय वाचता?"

खरं होतं. बाराखडी मी बंद केली होती. पोरांना धडे आणि चळवळीची पत्रकं वाचून दाखवायचो. ती ऐकून ऐकून पाठ म्हणायची, टाळ्या वाजवायची. मला वाटायचं, शिकताहेत. पाटलाचा पोरगा घरच्या सरावावर तरला. बुडाली ती आमच्या वस्तीतलीच. हेडमास्तरांनी त्यांना हिणवलं, पण रिकामं मी ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांसमोर उभा राहिलो. "शेवंताचं नाव निघणार नाही. वहीत लिहा, मास्तर नापास."

मग जमिनीवर खडूनं तीनच अक्षरं काढली. म, ग, र. त्यांच्यावर चिंचोके मांडायचे, बोट फिरवायचं, मोठ्यानं म्हणायचं. मग. मगर. गरम. रोज तेच. न अडखळता आलं की चौथं अक्षर. आधी नाही.

पोळ्यापर्यंत शेवंता अनोळखी पान वाचू लागली. तोवर तिच्या सोबतच्या दोघी जिनात कामाला लागल्या होत्या. त्यांचं वर्ष मी खाल्लं. ते त्यांना कुणी परत आणून देणार नाही.

पत्रकं वाटणाऱ्या मित्रांनो, उद्या वस्तीत जाताना एक पाटी न्या. एका पोरीला समोर बसवा. तीन अक्षरं शिकवा. परवा तीच घ्या, तेरवाही तीच. तिच्याआधी तुम्हीच कंटाळाल. उठू नका.