मांडीवरचा हात

सकुबाईला माणसांची शिसारी आली ती पंचावन्नाव्या वर्षी. त्याआधी तिला शिसारी परवडणारीच नव्हती. बत्तीस वर्षं सुईणपण केलेली बाई ती. रक्त, पाणी, वार, घाण, सगळ्यात कोपरापर्यंत हात घालून ती पहाटे घरी यायची, राखेनं हात घासायची आणि नाचणीची भाकरी चवीनं खायची. तिला ओकारी आली ती स्वच्छ पाटावर बसवल्यावर, अंगावर कोरं लुगडं आणि कपाळभर मळवट असताना. विधवेच्या कपाळाला कुंकू चालत नाही म्हणून ज्यांनी तिचं पुसलं होतं, त्यांनीच ते पुन्हा थापलं होतं. गावाला लाज नसते हे खरंच, पण इतकी नसते हे तिला ठाऊक नव्हतं.

म्हसा गावापासून कोसभर आत, सिद्धगडाच्या अंगाला तिचं गाव. घरात ती, तिचा धाकटा दीर महादू आणि महादूची बायको बारकी. स्वतःचं मूल झालं नाही, पण पंचक्रोशीतली निम्मी पोरं तिच्याच हातावर पडलेली. पोटावर हात ठेवला की पोर आडवं की उभं ते सांगायची. हातानं कधी दगा दिला नव्हता.

सन छत्तीसच्या सुगीत त्या हाताला काहीतरी झालं. उजवा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एकमेकांवर घासू लागलं, तंबाखू मळावी तसं. जन्मात कधी तंबाखू खाल्ली नव्हती बाईनं. आधी तिनं लक्षच दिलं नाही. कापणी, झोडणी, त्यात कुणाची तरी सून अडलेली. हात रिकामा राहायचाच कुठे?

तो रिकामा राहिला ताराबाईच्या घरी, नातवाच्या पाचवीला. पाचवीचा दिवस म्हणजे सुईणीच्या मानाचा. सटवाईची पूजा होते, सुईणीची खणानारळानं ओटी भरतात, आणि त्या दिवशी तिनं कशालाही हात लावायचा नसतो. सकुबाई भिंतीला टेकून बसली, हात मांडीवर. आणि सगळ्या आयाबायांच्या डोळ्यांदेखत तो हात नाचू लागला. ताराबाईनं नातवाला उचलून छातीशी धरलं. ओटी भरली, पण लांबूनच, जशी भिकारणीला घालतात तशी.

"हात हालतोय तुजा," ती म्हणाली. "पोर पडंल."

त्या दिवसापासून बोलावणं बंद. पलीकडच्या पाड्यावरची एक अर्धीकच्ची सुईण येऊ लागली. सकुबाई दारात बसून तिला जाताना बघायची, आणि मांडीवरचा हात आपला तंबाखू मळत राहायचा.

महादू तसा दुष्ट नव्हता. आळशी होता, आणि आळशी माणसाला देव फार लवकर दिसतो. म्हशाच्या जत्रेहून तो एक भगत घेऊन आला. भगतानं हाताकडे बघितलं, उदाची वाटी फिरवली आणि सांगितलं, "वारा हाये. गावदेवी आली बाईच्या हातात." झालं. पुढच्या मंगळवारी अंगणात पाट मांडला, सकुबाईला वर बसवलं आणि लोक रांगेनं आले. सगळ्यांत पुढे कोण, तर ताराबाई. जिनं नातवाला हात लावू दिला नाही, तिनं तेलकट डोकं सकुबाईच्या पायावर टेकलं आणि तो नाचणारा हात उचलून आपल्याच डोक्यावर ठेवला.

किळस म्हणजे काय ते सकुबाईला तेव्हा कळलं. पायावर नारळाचं पाणी सांडून चिकट झालेलं, माश्या बसलेल्या, मान कापलेली कोंबडी पाटाशी फडफडतेय, आणि समोर पन्नास तोंडं आ वासून तिच्या हाताकडे बघतायत. म्हशाच्या बाजारात बैलाचे दात बघतात ना, तसं. फरक इतकाच, की बैलाला कुणी नवस बोलत नाही.

पण बाई हुशार होती. आंधळेपणानं रडत बसणाऱ्यांतली नव्हती. तिनं हाताची परीक्षा सुरू केली. पाटावर बसलं की हात नाचतो. झोपेत नाचत नाही. बारकीला जागं राहून बघायला लावलं होतं तिनं. कळशी उचलली की थांबतो. दोऱ्याला गाठ मारली की थांबतो. सूप धरलं की थांबतो. पुन्हा मांडीवर ठेवला की चार श्वास गप्प, पाचव्याला सुरू. महिनाभर तिनं हे रोज करून बघितलं. हात जड झाला होता, पूर्वीसारखा झरझर चालत नव्हता, ते तिनं स्वतःपासूनही लपवलं नाही. पण काम करताना तो हालत नव्हता, हे पक्कं.

मग तिनं महादूला गाठलं. "काम करताना तुजी देवी कुठं जाते रे? पानी भरायला लाजते काय?"

महादूनं डोकं खाजवलं. विचार केला. आणि म्हणाला, "मंग तू काम नको करू, वयनी."

दुसऱ्या दिवसापासून सूप गेलं, कळशी गेली, जात्याचा खुंटा बारकीच्या हाती. देवीनं खरकटं काढू नये, शेण सारवू नये. नुसतं बसावं. आणि बसवलं की हात हमखास हाले. जितकं बसवावं तितकी देवी जागृत! असली देवस्थानं अशीच उभी राहतात का, कुणास ठाऊक. सकुबाईला मात्र त्या अंगणाचा, त्या उदाच्या वासाचा, महादूच्या रोजच्या कोंबडीच्या रश्श्याचा वीट आला. ती रस्सा खात नसे. मीठ-भाकर खायची.

अडतीस साली शहापूरच्या दवाखान्याचे डॉक्टर वाडदेकर लस टोचायच्या फेरीवर आले आणि नेमका मंगळवार होता. ते रांग बघून थांबले. हाताकडे बघितलं आणि माणूस खुळ्यासारखा पुढे सरकत आला. "बाई, हा पेला उचला." सकुबाईनं उचलला. हात थांबला. "ठेवा." ठेवला. थोड्या वेळानं हात सुरू.

"तुम्हाला ठाऊक होतं हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"दीड वरीस झालं. कोन ऐकत नाय."

डॉक्टर उकिडवे बसले. हा कंपवात आहे, म्हणाले. देव नाही, भूत नाही, डोक्यात आत कुठेतरी बिघाड होतो. ते सात वर्षं असे रोगी शोधत होते, वहीत टिपून ठेवत होते, ही नववी. "कशानं होतो?" तिनं विचारलं. "ठाऊक नाही," डॉक्टर म्हणाले, "मलाच काय, कुणालाच नाही. म्हणून तर शोधतोय." औषध म्हणून थोडंफार आहे, पण हमी देत नाही, असंही म्हणाले. एवढ्या वर्षांत 'ठाऊक नाही' म्हणणारा हा पहिलाच माणूस. तिला बरं वाटलं. मुंबईचे काही डॉक्टर माघात शहापूरला येणार आहेत, त्यांना हात दाखवायला याल का, असं त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली.

पण त्याआधी सावळीचं झालं.

सावळी ताराबाईची लेक, पहिलटकरीण. दोन रात्री अडलेली. पाड्यावरच्या सुईणीनं हात टेकले. तेव्हा ताराबाईनं पोरीला डोलीत घालून सकुबाईच्या अंगणात आणलं. कशाला? तर पोटावर देवीचा हात फिरवायला आणि अंगारा लावायला. सुईण पाटावर जिती बसलेली, आणि ही बया तिच्याकडे अंगारा मागतेय.

सकुबाईनं पोरीचं तोंड बघितलं. ओठ पांढरे पडलेले. तिनं पाटावरून उठत सांगितलं, "पानी तापवा. पोरीला आत घ्या. मी बघते."

"तू नको गो," ताराबाई म्हणाली. "हात हालतोय तुजा. देवीला इचार."

महादू आडवा आला. "वयनी, बस. पाटावरून उठायचा नाय."

सकुबाई उभीच राहिली. समजावून काय उपयोग होता? दीड वर्षं समजावलं होतं. आणि मग तिनं ते केलं, ज्याची तिला मरेपर्यंत लाज वाटली. तिनं केस सोडले. मान गरगर फिरवली. घोगरा आवाज काढून ओरडली, "गावदेवी बोलतेय! पोर माझ्या पायाशी द्या! मरद समदे अंगणाबाहेर! पानी कढवा, नायतर एकेकाचा निर्वंश करीन!"

सगळे कसे तीरासारखे पळाले. महादू सर्वांत आधी. बारकीनं चूल पेटवली, पाणी आलं, दोरा आला, नाळ कापायची बांबूची कामटी उकळून आली. खोटं बोलली होती ती, आणि खोट्यालाच हे लोक हलले होते. तिनं चूळ भरली, थुंकली, कोपरापर्यंत हात धुतले आणि कामाला लागली. पोर पायाळू होतं. हात जड, बोटं ताठ. पूर्वी जिथं एक दम पुरायचा तिथं तीन लागले. पण हात हालला नाही. अंधार पडायच्या आत मुलगी झाली, रडली, नाळेला गाठ बसली ती एका झटक्यात. सावळी जगली.

ताराबाई आत आली. तिनं लेकीला बघितलं, नातीला बघितलं आणि धाडकन पाय धरले. "देवीनं सोडवलंन गो माजी पोर!"

"मी सोडवली," सकुबाई म्हणाली. "या हातानं. रोग हाये त्या हाताला, देवी नाय."

"व्हय गो माय, व्हय," ताराबाई म्हणाली आणि त्या रक्तानं भरलेल्या हातावर हळद टाकली.

सकुबाई परसात गेली आणि भडभडून ओकली. आता काही सांगायची सोयच उरली नव्हती. त्या एका संध्याकाळी तिनं पोरीला वाचवलं होतं आणि स्वतःला कायमचं पाटावर बसवलं होतं.

माघात ती शहापूरला गेली. महादूनं गाडी जुंपली. देवीला एकटी कशी सोडायची? दवाखान्यात मुंबईचे चार डॉक्टर खुर्च्यांवर. मधोमध एक बाकडं. वाडदेकर म्हणाले, "सकुबाई, बसा. हात मांडीवर ठेवा. काही करू नका."

ती बसली. हात सुरू झाला. चौघे पुढे वाकले. इंग्रजीत बोलले. एकानं कोपर वाकवून बघितला, दुसऱ्यानं चालवलं, तिसऱ्यानं घड्याळ काढून अंगठ्याचे हेलकावे मोजले. एकानंही तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. उदाऐवजी इथे फिनेलचा वास होता, एवढंच.

वाडदेकर वहीत लिहीत होते. तिनं विचारलं, "काय लिवताय?"

त्यांनी सरळ वाचून दाखवलं. "सकुबाई, विधवा. वय सत्तावन्न. राहणार तालुका मुरबाड. धंदा: अंगात येणारी बाई."

"ह्ये कोनी सांगितलं?"

डॉक्टरांनी दाराकडे बघितलं. दारात महादू होता, हात जोडून.

"खोडा," सकुबाई म्हणाली.

"बाई, ते तितकं महत्त्वाचं..."

"खोडा म्हनते ना. सुईण लिवा."

"पण आता तुम्ही ते काम करत नाही ना?"

टेबलावर जखमेला बांधायच्या पट्टीचं भेंडोळं पडलं होतं, ते तिनं ओढलं, दोन पदर काढले आणि नाळेला मारतात तशी गाठ मारली. मग दुसरी. मग तिसरी. घड्याळवाल्यानं घड्याळ खाली ठेवलं. हात दगडासारखा स्थिर.

"तिकडं पाटावर बसवून बघतात, तुमी बाकड्यावर बसवून बघता," ती म्हणाली. "चालता हात कोनीच बघत नाय. पौषात तारीची लेक सोडवली या हातानं. पायाळू पोर. ते बी लिवा."

वाडदेकरांचे कान लाल झाले. त्यांनी ओळ खोडली. वर एक शब्द लिहिला आणि वही तिच्यापुढे धरली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं तो शब्द डॉक्टरांकडून मोठ्यानं दोनदा वाचून घेतला, दारातल्या महादूला ऐकू जाईल असा.

मग तिनं गाठी मारलेली पट्टी टेबलावर ठेवली, बाकड्यावर नीट बसली आणि हात मांडीवर टाकला.

"आता बघा," ती म्हणाली, "काय बघायचाय तो."

चार श्वास हात गप्प राहिला. पाचव्याला सुरू झाला.