चंद्रोदयाचं मिशन स्टेटमेंट

संकष्टीला लंडनजवळच्या हॅरोत चंद्र कधी उगवतो, हे सासूबाईंना फोनवर सांगायला मी एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला होता. बस्स, एवढंच त्याचं काम. आईंना डायबिटीस. जीपी, म्हणजे इथला आमचा डॉक्टर, म्हणाला, उपास नकोच; आई म्हणाल्या, चंद्र उगवला की उपास सोडायला क्षणभर थांबणार नाही. पण फ्रिजवरच्या कॅलेंडरात वेळ असते पुण्याची. शरदात इथला चंद्र त्याच्या बराच आधी वर येतो आणि आई उगाच उपाशी बसायच्या.

मग मला दुर्बुद्धी सुचली. मी तो ओपन सोर्स केला, म्हणजे हवा त्यानं घ्यावा, सुधारावा. इथल्या मराठी मंडळातले सहा जण धावून आले आणि मी त्यांना त्यात हवे ते बदल करायची मुभा दिली. सगळे आयटीतले, सगळे सीनियर. मला वाटलं, कुणी लेस्टरची वेळ घालेल, कुणी अक्षरं मोठी करेल. छे! त्यांनी आधी अध्यक्ष निवडला. स्टॅनमोरचे हे गृहस्थ पहिल्याच कॉलला म्हणाले, "पर्पज क्लिअर नसेल तर कोड लिहून काय उपयोग?"

झालं! उन्हाळाभर पर्पज क्लिअर होत राहिलं. वॉटफर्डच्या एकाला त्यात एआय हवा, दुसऱ्याला लग्नं जुळवायची सोय हवी. 'जागतिक मराठी अस्मितेला सक्षम करणे' असं एक वाक्य निघालं, मग 'सक्षम' की 'समृद्ध' यावरून दोघांनी एकमेकांशी बोलणं सोडलं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, दुसरं काय! कोडची एक ओळ कुणी लिहिली असेल तर शपथ.

शेवटची मीटिंग आमच्याकडे ठरली, ऑक्टोबरातल्या एका शनिवारी दुपारी. त्या दिवशी नेमकी संकष्टी होती, आणि चंद्राच्या प्रोजेक्टच्या या कर्णधारांपैकी एकालाही त्याचा पत्ता नव्हता. बटाटेवडे हादडत बसले होते मेले. अंधार पडला तरी हलेनात. आई स्वयंपाकघरात मोदक वळत होत्या.

पातेलं पडल्याचा आवाज आला म्हणून मी धावले. आई जमिनीवर बसलेल्या, घामानं डबडबलेल्या. साखर उतरली होती. मी संत्र्याचा रस तोंडाशी नेला, तर त्यांनी माझा हात दूर लोटला.

"चंद्र कुठे उगवलाय अजून? कॅलेंडरवर नऊ आहेत."

"अहो आई, फोनवर बघायचं ना!"

"त्यात नुसतं 'लवकरच येत आहे' असं येतंय. तुमचं काम चाललेलं, म्हटलं कशाला मध्ये बोलायचं?"

मी दारात जमलेल्या मंडळींकडे पाहिलं. अध्यक्षांनी घसा साफ केला. "जुनं व्हर्जन काल बंद केलं. पर्पज ठरेपर्यंत. तुम्ही त्या कॉलला नव्हता." मग आईंकडे बघत म्हणाले, "पण हा फारच पॉवरफुल यूजकेस आहे हं. मिशन स्टेटमेंटमध्ये घ्यायला हवा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"उगवला का ते बघा रे कुणीतरी," आई कशाबशा म्हणाल्या. सहाही जणांनी माना खाली घालून आपापले फोन काढले.

मी तडक मागचं दार उघडलं. शेजाऱ्यांच्या गॅरेजच्या कितीतरी वर चंद्र आलेला होता, चांगला लख्ख. आईंना तो जमिनीवरूनसुद्धा दिसला. त्यांनी हात जोडले, मी ग्लास त्यांच्या ओठांना लावला, आणि मागे वळून न बघता त्या सहा जणांना बूट घालायला सांगितलं.