साडूभाऊंचा शड्डू

अपघाताची नुकसानभरपाई मागायला जाऊन, आपल्याला काही झालेलंच नाही हे समोरच्या पार्टीला पटवून देणारा माणूस अख्ख्या भारतवर्षात एकच आहे आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या आक्काचे, ते यजमान. मी साताऱ्याचा, ते कुंडलचे. नात्यानं आम्ही साडू लागतो, पण आम्हा दोघांना शेजारी उभं केलं तर बघणाऱ्याला वाटावं, एकाच्या वाटणीचं दूध दुसऱ्यानंच पिऊन टाकलंय. तरुणपणी साडूभाऊ पैलवान होते. पुढं कुस्ती सुटली, ऊस आला, नातवंडं आली. पण शड्डू काही सुटला नाही.

शड्डू म्हणजे पैलवान आखाड्यात उतरताना मांडीवर मारतो ती थाप. साडूभाऊंना त्यासाठी आखाड्याची गरज नसे. आनंद झाला की शड्डू, म्हैस पसंत पडली की शड्डू, आमटी झणझणीत झाली की ताटावरच शड्डू. माझी मुलगी जन्मली तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांनी असा काही शड्डू ठोकला, की नर्सबाई "काय पडलं? काय पडलं?" करत धावत आल्या. आणि "कसं काय साडूभाऊ?" असं कुणी विचारायचा अवकाश, उजवा हात सपकन उजव्या मांडीवर पडे आणि उत्तर येई, "एकदम कडक!" फोनवरसुद्धा आधी थाप ऐकू यायची, मग माणूस. मला त्या आवाजाचा मनस्वी वैताग यायचा, हे इथं सांगून टाकतो.

या 'कडक'पुढं कुठलंही दुखणं टिकत नसे. म्हणजे दुखणं असे, पण कबूल होत नसे. अंगात सणसणून ताप असताना हे उसाला पाणी पाजायला जाणार आणि आक्का मागनं गोळी घेऊन पळणार. एकदा वैरणीच्या भाऱ्यातनं विंचू निघाला आणि त्यानं यांच्या अंगठ्याला नांगी मारली. सगळी गल्ली गोळा झाली. हे घामानं निथळत बसलेले, ओठ पांढरे पडलेले, आणि म्हणतात कसे, "चावला न्हाई ओ, नुस्ता भेटून गेला!" आक्का कपाळाला हात लावून म्हणाली, "ह्यांचं तोंड कवा खरं बोलंल, देव जाणे."

तर अशा माणसाला, फटफटीवरून जाताना, तासगाव रस्त्यावर चुकीच्या बाजूनं आलेल्या एका टेम्पोनं उडवलं. मांडीचं हाड मोडलं, तेही उजव्याच. रस्त्याच्या कडेला पडल्या पडल्या पोलिसानं विचारलं, "कितपत लागलंय?" तर साडूभाऊ म्हणाले, "गाडीचा लाईट फुटलाय बघा." सांगलीच्या दवाखान्यात मांडीत सळई घातली. आक्काच्या घरची शिल्लक तिथंच आटली. महिने गेले तरी हाड जुळेना, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं की दुसरं ऑपरेशन करावंच लागेल, नाहीतर पाय कायमचा अधू राहील. हे घरी आले आणि उन्हाळा-हिवाळा न बघता हातात छत्री घेऊन फिरू लागले. काठी नव्हे, छत्री. कुणी विचारलं की म्हणायचे, "ऊन लय हाय." सूर्य मावळला तरी यांचं ऊन काही मावळत नसे.

आता दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च टेम्पोच्या विमा कंपनीकडून मिळाला तर मिळणार, अशी गत होती. आमच्या घराण्यात दाव्याचे कागद वाचू शकणारा विद्वान म्हणून माझी निवड झाली (मी साताऱ्याच्या एका कचेरीत हेडक्लार्क आहे, एवढीच ती विद्वत्ता) आणि मी रजा टाकून सांगलीच्या वकीलबाईंसमोर साडूभाऊंना हजर केलं. बाईंनी शांतपणे समजावलं. वय काय, कमाई काय, अपंगत्व किती, दवाखान्याला काय गेलं, पुढं काय जाणार, आणि माणसानं सोसलं किती, हे सगळं धरून भरपाई ठरते. "बाकीच्याला कागद असतो," बाई म्हणाल्या, "सोसल्याला पावती नसते, दादा. ते तुम्हीच सांगायचं."

झालं! नेमकं तेच सांगण्यात आमचे साडूभाऊ ठार कच्चे. बाईंनी कमाई विचारली. आमच्याकडं कुणी कमाई विचारली की हात आपोआप झटकला जातो, तसा यांनी झटकला. "शेतीत काय सुटतंय ओ बाई! खताला बी पुरत न्हाई." बाईंनी विचारलं, "मग दारात नवा ट्रॅक्टर आहे तो?" हे छताकडं बघत म्हणाले, "झाला आपला." बरं, त्रास काय होतो? "कसला तरास? एकदम ठणठणीत!" मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला, तो नेमका मोडलेला निघाला, तरी चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. अहो, कमाई विचारली तर काही नाही आणि दुखणं विचारलं तर तेही काही नाही! मग कंपनीनं भरपाई कशाची द्यायची, छत्रीची? आक्कानं कारखान्याच्या उसाच्या पावत्या आणून दिल्या, म्हणून कमाईचं तरी निभावलं.

अपंगत्व तपासायच्या दिवशी तर कहर झाला. तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, "जमेल तेवढाच गुडघा वाकवा." जमेल तेवढा! हे शब्द पैलवानाला ऐकवायचे असतात का? साडूभाऊंनी दातावर दात रोवले, मानेच्या शिरा टरारल्या, डोळ्यांत पाणी आलं आणि पाय जमेना तेवढा वाकवून दाखवला. वर विचारलं, "आजून वाकवू?" डॉक्टरांनी दिसलं ते लिहिलं. तो कागद वाचून वकीलबाईंनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसल्या. मी बाहेर येऊन साडूभाऊंना वाट्टेल ते बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पावनं, डागदराम्होरं रडायचं व्हय आता?"

शेवटी लोकअदालतीत तडजोडीला बसायचं ठरलं. टेबलामागं एक निवृत्त न्यायाधीश, एका बाजूला कंपनीचे वकील आणि कंपनीचा एक साहेब, दुसऱ्या बाजूला आम्ही. कंपनीचे वकील गोड माणूस. पानाचा तोबरा सांभाळत त्यांनी आपुलकीनं विचारलं, "काय पैलवान, तब्येत काय म्हणतेय?"

पैलवान म्हटल्यावर संपलंच की हो! "एकदम कडक!" साडूभाऊ गरजले. वकीलबाईंनी डोळे मिटले. कंपनीचे वकील हसून न्यायाधीशांना म्हणाले, "बघा साहेब, तेच म्हणतात. मग दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च कशाला धरायचा?" सगळं ओमफस्स झालं म्हणून मी आवराआवर करायला लागलो, तेवढ्यात मागच्या खुर्चीवरनं आक्का उठली. चारचौघांत नवऱ्यासमोर कधी तोंड न उघडणारी आमची आक्का, पदर घट्ट धरून म्हणाली, "सायेब, ह्यांस्नी शड्डू ठोकायला सांगा."

न्यायाधीशांना कळेना. पण तेही याच मुलखातले. साडूभाऊंच्या कुस्तीत चुरगळलेल्या कानांकडं त्यांनी एकवार बघितलं आणि हळूच म्हणाले, "ठोका बरं, पैलवान."

साडूभाऊंनी हात उचलला. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला, की अपघातापासून ती थाप मी ऐकलीच नव्हती. नुसतं 'कडक' ऐकत होतो. हात वर तसाच राहिला. मग तो खाली आला आणि निजलेल्या पोराच्या अंगावर ठेवावा तसा मांडीवर टेकला. साडूभाऊ आक्काकडं न बघता म्हणाले, "न्हाई जमत, सायेब. लय दुखतंय. रातभर दुखतंय."

आक्कानं तोंडाला पदर लावला. कंपनीच्या वकिलांनी पान गिळलं, त्यांच्या साहेबाच्या कानाशी लागले आणि मग कागदावर दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च चढला, सोसल्याचाही चढला. फार मोठं घबाड नव्हे, पण पाय वाचेल एवढं होतं. सह्या झाल्या. सुटलो बाबा एकदाचे, म्हणत मी बाहेरच्या टपरीवर लागोपाठ तीन चहा प्यालो आणि तिन्ही मला अमृतासारखे लागले.

पण एकदा बांध फुटल्यावर पाणी थांबतंय होय! कुंडलला पोचेपर्यंत साडूभाऊ गाडीत दुखण्यांची उजळणी करत होते. खांदा दुखतो, दाढ दुखते, जावयाचं बोलणं दुखतं. पलूसच्या अलीकडं एकदम म्हणाले, "आन् त्यो इच्चू! आई शप्पथ सांगतो पावनं, बोंबलावंसं वाटत हुतं." आक्का हसून हसून खिडकीला टेकली.

ऑपरेशन झालं. परवा शेवटच्या तपासणीला मी मुद्दाम साताऱ्याहून गेलो. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला आणि म्हणाले, "हाड जुळलं." साडूभाऊंचा उजवा हात भर्रकन वर गेला. आक्कानं तो वरच्यावर धरला. "आवं, दमानं! दुखतंय का आजून?"

साडूभाऊंनी विचार केला. दुखतंय का या प्रश्नावर हा माणूस विचार करतोय, हे मी पहिल्यांदाच बघत होतो. मग म्हणाले, "हाय, थोडं."

मला इतकं हलकं वाटलं म्हणता, की माझाच हात माझ्या मांडीवर पडला. पुचुक असा काहीतरी आवाज झाला. डॉक्टरांनीही वळून बघितलं. साडूभाऊंनी माझा पंजा हातात घेतला, बोटं जुळवून तळवा जरा खोलगट केला आणि म्हणाले, "आसं न्हवं, पावनं. मला जरा बरं हू दे. मग शिकीवतो."