किड्याची तिरकी वाट

पहाटे साडेचारला त्याची खळ शेगडीवर चढायची. मैदा, पाणी, आणि ढवळणं एकाच दिशेने. एक गुठळी दिसली की सगळी खळ टाकून पुन्हा पहिल्यापासून. विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकबांधणीच्या खोलीत तो तेहेतीस वर्षं असा खळीचा डबा घेऊन पोचत होता, कुलूप उघडणाऱ्याच्याही आधी. सगळे त्याला दाभणकाका म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदापुरतं.

त्याची मुलगी चिमी त्याच इमारतीत, दोन मजले वर, पीएचडी करत होती. विषय चारशे वर्षांपूर्वीचा एक मोठा इंग्रज कवी. त्याच्या कविता मित्रमंडळी हाताने उतरवून घेत. तशी एक वही या ग्रंथालयात होती, आणि चिमीचा सगळा प्रबंध त्या वहीवर उभा होता.

"पंडितांचे तीन गट आहेत, बाबा," ती जेवताना सांगायची. "एक गट कवितेत कवीचं चरित्र हुडकतो. दुसरा म्हणतो, कवी गेला, शब्द तेवढे वाचा. तिसरा सगळ्या नकला शेजारी मांडून कुणी काय कसं उतरवलं ते बघतो."

"तू कुठल्या?"

"तिसऱ्या. तिथे हमाली जास्त."

"मग माझीच आहेस."

आई भाकरी उलथत म्हणायची, "बरं झालं, मला वाटलं दवाखान्यात बदलली."

चिमीचं म्हणणं सरळ होतं. लोक समजत, कवीने तरुणपणी प्रेमाच्या कविता लिहिल्या आणि म्हातारपणी देवाच्या. या वहीत मात्र प्रेमाच्या कवितांच्या मधोमध देवाची एक कविता होती, आणि वही उतरवली गेली तेव्हा कवी तिशीचाही नव्हता. म्हणजे दोन्ही एकाच वयातलं.

मग परीक्षकांचं पत्र आलं. वही चोवीस वर्षांपूर्वी इथेच नव्याने बांधलेली आहे. पानांना आकडे नाहीत. बांधणाऱ्याने पानं खालीवर केली नसतील कशावरून? आठ दिवसांत पुरावा द्या, नाहीतर हे प्रकरण गाळा.

चिमी हसत होती. "बाबा, त्यांना सांग ना, दाभणकाका कोण आहे ते!"

त्याने हातातला घास परत ताटात ठेवला.

"पडली होती," तो म्हणाला.

"काय?"

"ती वही. जुना दोरा कुजलेला. कापला तशा पानांच्या जुड्या सुट्या झाल्या. टेबलाकडे नेताना पाय अडखळला. अकराच्या अकरा जुड्या जमिनीवर."

"आणि लावल्यास कशा?"

"आठवत नाही."

"चोवीस वर्षं बोलला नाहीस!"

"हे बोलले असते तर नोकरी गेली असती," आई म्हणाली, "आणि तू आज कुणावर ओरडली असतीस?"

कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने पहिल्यांदाच खळ केली नाही.

दार उघडताच बापलेक वाचनकक्षात. ग्रंथपालबाईंनी वही मऊ उशीवर ठेवली. त्याने दोनदा हात धुतले, कोरडे केले. अक्षरं त्याला वाचता येत नव्हतीच. तो पानांच्या कडा बघत गेला. तिसऱ्या जुडीत त्याचं बोट थांबलं. पातळ कागदाचं, मसुराएवढं ठिगळ.

"हे माझं. फाडून लावलेलं. कापलं की कड डोळ्यात खुपते, म्हणून मी फाडतो."

"ठिगळ कशाला?"

"किडा." त्याने पान उलटलं. पुन्हा ठिगळ. पुन्हा. तो एकदम खुर्चीवरून उठला. "चिमे, पट्टी काढ! हा सरळ गेलेला नाही. तिरका गेलाय!"

तिने पट्टी लावली. कडेपासून एकतीस मिलिमीटर. पुढचं पान, एकतीसला किंचित जास्त. पुढे साडेएकतीस. ठिगळ पानागणिक केसभर शिवणीकडे सरकत होतं.

"किड्याने खाल्लं तेव्हा पानं ज्या क्रमाने होती, त्याच क्रमाने भोक सरकणार," तो घाईघाईने सांगत सुटला. "एक जुडी जरी इकडची तिकडे झाली तरी वाट तुटणार."

"पण भोकं तुम्ही बांधल्यानंतर पडली असतील तर?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"बाई, शिवलेल्या वहीत अशी ठिगळं बसत नाहीत. ती सुट्या पानाला लावतात. भोकं शिवायच्या आधीची. जुन्या बांधणीतली."

चिमी मोजत होती. एक जुडी पावणेतेहेतीसवर संपली आणि देवाच्या कवितेची जुडी आली. तेहेतीस. तेहेतीसला किंचित जास्त. साडेतेहेतीस. पुढच्या जुडीत पहिलंच पान, पावणेचौतीस.

"जुळलं!" ती किंचाळली. ग्रंथपालबाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि स्वतःच "दाखव, दाखव" करत वाकल्या.

तेव्हा त्याला आठवलं. जमिनीवर गुडघे टेकून त्याने दुपारभर भोकाला भोक लावत जुड्या रचल्या होत्या. पाडल्याची लाज तेवढी लक्षात राहिली, कष्ट साफ विसरला.

"पुन्हा मोज," तो म्हणाला. "तीनदा. एकदा मोजलेलं मोजलेलं नसतं."

तीन दिवस मोजलं. प्रकरण राहिलं. परीक्षकांनी उलट विचारलं, ही वाट ओळखली कुणी? चिमीने तळटीपेत लिहिलं: बांधणी विभागातील कारागीर, माझे वडील.

पुढच्या वर्षी तो निवृत्त झाला. त्याच महिन्यात समुद्रापलीकडच्या एका ग्रंथालयाचं पत्र आलं. त्याच कवितांची दुसरी वही तिकडे होती. पानं सुटी, क्रम कुणालाच ठाऊक नाही, आणि किड्यांनी मनसोक्त खाल्लेली. चिमीने यावं. प्रवासखर्च मात्र देता येत नाही.

चौतीस वर्षांच्या पहाटेचे, निवृत्तीचे जे पैसे हाती आले, त्यांतून त्याने विमानाची तिकिटं काढली. दोन.

"दुसरं कुणाचं?" चिमीने विचारलं.

"भोकं कोण वाचणार?" तो म्हणाला, आणि पट्टी पिशवीत टाकली.