सर्व्हरचा फेरफार

जानेफळात सुवर्णाचं घर विचारलंत तर माणसं डोकं खाजवतील. "जानरावचं घर कोणतं?" म्हणा, शेंबडं पोरगंही दारापर्यंत आणून सोडेल. जानराव घर विकून मेहकरला गेला त्याला जमाना लोटला, पण गाव त्याचं नाव सोडत नाही. सुवर्णाला याचा जाम राग येई.

तिच्याच पुढच्या खोलीत शेतकरी कंपनीचं ऑफिस आहे. कंपनीचा मेल सुवर्णा सांभाळते. सर्व्हर भाड्याचा, पण मांडला तिनं, चालवते ती, आणि त्याचा तिला भलताच अभिमान आहे. असावाच!

परवा मात्र सोयाबीन घेणाऱ्या व्यापाऱ्याला पाठवलेले सगळे मेल परत आले. कंपनीचे अध्यक्ष माणिकराव येऊन म्हणाले, "सुवर्णा, संध्याकाळपर्यंत भाव नाही पोचला तर सौदा गेला. मंग मेलचं काम मी पुण्याच्या पोराईले देतो."

"संध्याकाळ व्हाची हाय अजून, काका," सुवर्णा म्हणाली.

मेल परत येण्याचं कारण तिला कळलं होतं. प्रत्येक सर्व्हरला आकड्यांचा एक पत्ता असतो, आयपी. मेल घेणारा सर्व्हर त्या आकड्यावरून उलटी चौकशी करतो, इथं राहतं कोण? यालाच रिव्हर्स डीएनएस म्हणतात. तिच्या आकड्यावर आधीच्या भाडेकरूचं, कुठल्याशा टाइल्सच्या दुकानाचं नाव निघत होतं, म्हणून व्यापाऱ्याचा सर्व्हर मेल दारातूनच परत पाठवत होता. कंपनीचं इंटरनेटवरचं नाव, म्हणजे डोमेन, जिथून विकत घेतलं होतं, त्या साइटवर तिनं झटपट नवी नोंद टाकली. दुपार झाली तरी दुकान काही हलेना.

"काऊन वं, एवढी चिडून राह्यली?" शेंगा सोलता सोलता सासूनं, पंचफुलाबाईनं विचारलं.

"आपल्या जागेवर आधीच्याचंच नाव निंगते, आई. मी बदलवलं तरी!"

"दारावर पाटी लावली असशीन. तुह्या सासऱ्यानंबी पह्यले तेच केलं होतं. टॅक्सची पावती जानरावच्याच नावानं ये. मंग ग्रामपंचायतीत फेरफार केला, तवा कुठी जमलं."

सुवर्णा ताडकन उठली. नाव तिचं, पण आकडा सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या होस्टिंगवाल्यांचा. फेरफार त्यांच्याच दप्तरी व्हायला हवा! तिनं होस्टिंगचं पॅनल उघडलं, आयपीसमोरच्या रकान्यातलं दुकान खोडून मेल सर्व्हरचं पूर्ण नाव भरलं आणि जतन केलं. ते नाव त्याच आकड्यावर परत येतं ना, हेही तपासून घेतलं. चहा पिऊन भावाचा मेल पुन्हा पाठवला. या वेळी तो परत आला नाही.

दिवेलागणीला माणिकराव धावतच आले. सौदा पक्का झाला होता, व्यापाऱ्याचा माणूस नमुना न्यायला निघाला होता. तेवढ्यात त्याचाच फोन आला, ऑफिस कुठं म्हणून.

"जानरावच्या..." माणिकराव अडखळले. त्यांनी सुवर्णाकडे पाहिलं. "सुवर्णाच्या घरी या. सुवर्णाचं घर म्हणून इचारा." मग चप्पल चढवत म्हणाले, "थांबा, कोणी सांगणार नाही तुमाले. मीच फाट्यावर येऊन राह्यलो."